पुसलेल्या टेपा आणि टिकलेला कागद

२३ नोव्हेंबर १९६३, शनिवार. केनेडींच्या हत्येला एकच दिवस झालेला. त्या संध्याकाळी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचा पहिला भाग दाखवला. त्या बातमीच्या गदारोळात तो अनेकांचा हुकला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला. त्याचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. या तारखेचे वर्धापनदिन पुढे थाटात साजरे झाले. २०१३चा सुवर्णमहोत्सवी भाग तर नव्वदहून अधिक देशांत एकाच वेळी झळकला.

पण ज्याचा उत्सव, तेच अपुरे होते. टेप महाग, म्हणून ती पुसून पुन्हा वापरायची रीत. साठच्या दशकातले नव्वदच्या घरातले भाग आज बेपत्ता आहेत. हुसेन यांनी बव्हंशी दिग्दर्शित केलेल्या ‘मार्को पोलो’ कथेच्या सातपैकी एकाही भागाचे चित्रण उरलेले नाही. ध्वनी मात्र सगळ्या हरवलेल्या भागांचा आहे, कारण प्रेक्षकांनी घरोघरी टेपरेकॉर्डर लावून तो धरून ठेवला. सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर नऊ भाग हाती लागले, तेही नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात.

हा धागा मराठीपर्यंत येतो. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह १९६१मध्ये बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली. तिच्या सात भागांपैकी एकच अखंड उरला. शिष्याची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. लेखक कोण हे कळू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून घेतलेले नाव होते नारायण विनायक जगताप. २०२४मध्ये त्या कथेला पन्नास वर्षे झाली. ती आजही वाचता येते, कारण ती कागदावर आहे.

साठ वर्षे चाललेली विज्ञानमालिका मराठी पडद्याला लाभली नाही. माझ्या मते आपली मालिका दिवाळी अंकांतून चालली. १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनच्या या परंपरेत नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या विज्ञानकथा वाचकाला भेटत राहिल्या. धामणगाव बढे इथे बसून मी रद्दीतून आलेले अंक सालवार लावतो. कथा बहुधा शाबूत असते. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका गेलेली असते. साल गेले की कथा कोणाआधीची, कोणानंतरची हे सांगता येत नाही. मग पन्नाशी मोजायची तरी कुठून?