घाट चढून आलेली सुकट

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. साताऱ्याची पश्चिम हद्द सह्याद्रीच्या धारेवर येऊन थांबते, आणि तिथून खाली उतरल्यावरही लाटांचा आवाज कानी पडायला पुष्कळ चालावं लागतं. सांगलीकडून तर समुद्र आणखी लांब. तरीही कऱ्हाड, पाटण, विटा, जत अशा कुठल्याही आठवडी बाजारात गेलं की मिरच्या-मसाल्यांच्या पालांपासून थोड्या अंतरावर सुक्या मासळीचं दुकान मांडलेलं दिसतं. अंतर मुद्दाम राखलेलं असतं, कारण वास. बोंबील, बांगडा, कधी सोडे, आणि या सगळ्यांच्या पुढ्यात गुलाबीसर रंगाचा, भुश्यासारखा हलका ढीग: सुकट.

पश्चिम महाराष्ट्राच्या जेवणाबद्दल लिहायला बसलं की लेखणी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याकडे, फार तर जत्रेच्या मटणाकडे वळते. ते सणावाराचं जेवण. एरवी, रानातून यायला उशीर झाला, भाजी संपली, आणि अर्ध्या तासात पानं वाढायची आहेत अशा संध्याकाळी काय शिजत होतं, हे मात्र फारसं कुणी नोंदवत नाही. त्या संध्याकाळच्या उत्तरांपैकी एक सुकट होतं. कोळंबीचं झटपट जेवण या भागात बर्फाची गाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं.

सुकट म्हणजे सुकवलेला जवळा. जवळा दिसतो कोळंबीच्या पिल्लासारखा, पण ते पिल्लू नव्हे. दोन-चार सेंटिमीटरच्या पुढे न वाढणारी ती कोळंबीच्या कुळातलीच, पण वेगळी जात. भरती-ओहोटीच्या ओढीत उभ्या केलेल्या डोल जाळ्यात तो टोपल्यांनी सापडतो. बोंबील वलांडीवर टांगावे लागतात, मोठी मासळी चिरून मिठात मुरवावी लागते. जवळ्याला यातलं काहीच नको. स्वच्छ जमिनीवर किंवा चटईवर पातळ पसरायचा, मधूनमधून हलवायचा, आणि कडक ऊन असेल तर दीड-दोन दिवसांत तो खुळखुळायला लागतो. मीठ लागत नाही, ही बाब इतिहासात लहान नाही. इंग्रजी अमलात मिठावर कर होता आणि खारवलेल्या मासळीच्या भावात तो उतरायचाच. जवळा निव्वळ उन्हावर तयार व्हायचा. शिवाय चार-पाच किलो ओला जवळा सुकला की जेमतेम एक किलो उरतो. म्हणजे घाट चढताना पाण्याचं ओझं खालीच राहायचं.

घाट चढायचा कुठून? साताऱ्यापुरतं बोलायचं तर मुख्य वाट कुंभार्ली. वासिष्ठी नदी दाभोळ आणि अंजनवेल यांच्यामध्ये समुद्राला मिळते. तिच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं आत येत आणि चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदराला लागत. तिथे माल उतरायचा, चिपळूणच्या पेठेत फिरायचा आणि बैलांच्या पाठीवर चढून पोफळीवरून घाटाला लागायचा. वर हेळवाक, मग पाटण, मग कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कऱ्हाड. उत्तरेला महाबळेश्वरच्या अंगाने उतरणारा पार घाट होता, दक्षिणेला आंबा घाट. गाडीरस्ते होण्याआधी या सगळ्या वाटा लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांच्या. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी. वरून धान्य, गूळ, मिरची, हळद. कोकणात भात पिकतो, पण पुरत नाही. देशावर ज्वारी पिकते, पण तिच्याबरोबर खायला दरवेळी काही असतंच असं नाही. व्यापार याच दोन उणिवांवर चालला. सांगलीच्या पेठेत आजही हळदीची एक जात राजापुरी म्हणून विकली जाते, आणि राजापूर हे कोकणातलं जुनं बंदर.

या वाटेवरून माणसंही वर आली. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री राहणाऱ्या ब्रह्मेंद्रस्वामींनी जंजिरेकर सिद्द्यांचा सरदार सिद्दी सात याच्या हल्ल्यानंतर, 1727 च्या सुमारास, कोकण सोडलं आणि साताऱ्याजवळ धावडशीला मुक्काम केला. बाजीरावासारख्या पेशव्याला कर्ज देणारा हा स्वामी. त्याच्या पत्रांमुळे त्या काळच्या देण्याघेण्याची बरीच माहिती मिळते. सुकटीची पत्रं कोण कशाला लिहील? तिचा हिशेब तोंडीच व्हायचा, चिपट्या-मापट्यांत, पुष्कळदा धान्याच्या बदल्यात.

पावसाळ्यात घाट बंद. म्हणून दिवाळी ते वैशाख हा येण्याजाण्याचा हंगाम, आणि मृगाच्या आत बेगमी. गाडग्यात किंवा डब्यात सुकट भरायची, ओल लागू नये म्हणून तोंड फडक्याने घट्ट बांधायचं, आणि आषाढात भाजी मिळेनाशी झाली की उघडायचं. मग श्रावण लागला की ते गाडगं पुन्हा बांधून ठेवायचं. अर्थात हे सगळ्या घरांत नव्हे. सांगली-मिरजेच्या बाजूची जैन आणि लिंगायत घरं, माळकरी, ब्राह्मणवाडे यांच्या उंबऱ्याच्या आत हा वास कधी गेला नाही. ज्या घरांत जायचा, तिथेही भाजणं बहुधा परसातल्या चुलीवर. देव्हाऱ्यापासून लांब बरं, असा हिशेब.

करायची रीत पिढ्यानुपिढ्या फारशी बदललेली नाही. लोखंडी तवा तापवून सुकट कोरडीच टाकायची, तेलाचा थेंब नाही. आच मंद. मिनिटा-दोन मिनिटांत रंग गुलाबीवरून विटकरीकडे झुकतो आणि मिशा, पाय कडक होऊन तुटायला लागतात. सुपात ओतून तळहाताने हलकं चोळायचं आणि पाखडायचं; कचरा उडतो, अंग खाली राहतं. वाळू असेल तर पाण्यातून एकदा काढून पिळायची. मग त्याच तव्यावर तेल, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, कांदा-लसूण मसाला, आणि कांदा मऊ झाला की सुकट. वर कोथिंबीर. आंबटाला आमसूल किंवा टोमॅटो. मीठ शेवटी आणि जपून. भाकरी थापून होईतो कालवण तयार. ज्यांना रस्सा हवा ते कृष्णाकाठचं काटेरी वांगं चिरून घालतात. नदीकाठच्या काळ्या मातीतलं वांगं आणि खाडीच्या तोंडचा जवळा यांची ही सोयरीक घाटाने जुळवली. या टापूतला सगळ्यात अस्सल पदार्थ शोधायचा तर तो बहुधा हाच. पोटाला ते जड पडत नाही. सुकटीचा निम्म्याहून जास्त भाग प्रथिनांचाच असतो आणि कवचासकट खाल्ल्यामुळे चुनाही भरपूर मिळतो. रोजगाराने राबणाऱ्या घरांनी हे आकडे न वाचताच ती निवडली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी वाट उघडली, ती मुंबईची. गिरण्यांचा भोंगा वाजायला लागला आणि रत्नागिरीच्या जोडीने साताऱ्याची माणसं परळ-लालबागला जाऊन राहिली. त्या वेळचा सातारा म्हणजे आजच्या सांगलीचा बराच भाग धरून. दक्षिण सातारा वेगळा निघाला तो 1949 साली, आणि त्याचं सांगली असं नामकरण झालं 1960 मध्ये. गिरणगावच्या चाळीत आणि खानावळीत देशावरचा पाटणकर आणि चिपळूणकर शेजारी-शेजारी जेवायला बसले. पुढे माथाडी कामगारांतही सातारकरांचा भरणा मोठा. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. सुट्टीला गावी निघालेल्या माणसाच्या ट्रंकेत लुगडं, खेळणं आणि सुक्या मासळीची पुडी असायची. पुडी कपड्यांपासून कितीही दूर ठेवली तरी लुगड्याला वास लागायचाच.

रस्तेही सुधारले. 1950 च्या दशकात कोयना धरणाचं काम निघालं. वर कोयनानगर आणि घाटाच्या पायथ्याशी पोफळीचं वीजघर, म्हणजे कुंभार्लीच्या दोन्ही टोकांना कामगारांच्या वसाहती. तांडे केव्हाच गेले होते, आता ट्रक आणि एसटी आली. गुहागर-विजापूर रस्ता आज समुद्रापासून निघून चिपळूण, पाटण, कऱ्हाड, विटा करत थेट जतच्या माळावर पोचतो. नकाशावर पाहिलं तर सुकटीच्या जुन्या प्रवासावरच डांबर टाकल्यासारखा हा रस्ता दिसतो.

ओली कोळंबी आली ती बर्फामुळे आणि फार उशिरा. समुद्रातली कोळंबी बरीच वर्षं निर्यातीकडे जात राहिली. देशावरच्या शहरात ती नेमाने दिसायला लागली ती शीतपेट्यांच्या गाड्या आणि घरोघरचे फ्रीज आल्यावर. 2009 मध्ये व्हनामी जातीच्या संवर्धनाला देशात परवानगी मिळाली आणि तळ्यातली, एकसारख्या आकाराची कोळंबी बाजारात वाढली. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या फ्लॅटमध्ये नोकरीवरून परतलेलं जोडपं ती सोलून, पाठीतला काळा धागा काढून, हळद-मीठ-लिंबू लावून तव्यावर टाकतं. तीन-चार मिनिटांत ती वळते आणि रंग बदलते. त्यापुढे ठेवली तर रबर. मसाला मात्र सासरहून किंवा माहेरहून आलेला, वर्षाचा कुटून ठेवलेला कांदा-लसूणच.

सुकट भाजायची मात्र अशा घरांत पंचाईत होते. परसातली चूल नाही, खिडक्या समोरासमोर, आणि जिन्यात वास पसरला की खालच्या मजल्यावरून बेल वाजते. त्यावर बाजाराने तोड काढली आहे: भाजून, निवडून, मसाला लावून बंद केलेली सुकट चटणी आता बरण्यांत मिळते, आणि बचत गटांच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या आणि जवसाच्या चटणीशेजारी मांडलेली असते. खेड्यातली पद्धत जुनीच. मे महिन्याच्या अखेरच्या बाजारात बायका अजूनही चिमूटभर सुकट उचलतात, बोटांत चुरडून कुरकुरीत आहे का बघतात, एखादा दाणा तोंडात टाकून वाळू लागते का तपासतात, आणि मग भाव विचारतात.