एक पैसा, एक फुंकनळी आणि आपलं कुसगाव

परवा कुसगावात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. दुमजली घर, दारात गाडी. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता आणि सकाळपासून पाणी भिंतीवरून वाहत होतं. प्लंबरला फोन करून झाला होता. "संध्याकाळी बघतो" म्हणाला होता. घरात दोन पदवीधर मुलं. दोघंही माझ्याबरोबर चहा पीत बसली होती.

ओट्यावर बसलेले आजोबा म्हणाले, "पावसाच्या आधी घर शाकारायला आम्ही कुणाला फोन केला नाय."

नातू लगेच म्हणाला, "आबा, तेव्हा पैसे नव्हते म्हणून करत होता. आता आहेत."

मंडळी, दोघांचंही खरं आहे. म्हणून घरी आल्यावरही ते डोक्यातून गेलं नाही. स्वतःच्या हातानं काम करणं ही फक्त गरिबीची मजबुरी होती का? पैसा आला की ते सुटणारच का? याचं एक उत्तर आपल्याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी दिलं गेलंय आणि आपण ते विसरलोय. लोणावळ्याहून लोकलमध्ये बसा. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि मग पाचवं स्टेशन तळेगाव. गोष्ट तिथली आहे.

चौसष्टावा हिस्सा

विसाव्या शतकाची सुरुवात. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या डोक्यात एक कल्पना आली. देशात उद्योग काढायचे तर भांडवल पाहिजे. श्रीमंत पुढे येत नाहीत, सरकार परक्यांचं. मग माणशी एक पैसा गोळा केला तर?

आजच्या मुलांसाठी सांगतो. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा. हजार रुपयांसाठी चौसष्ट हजार माणसं! लोकांनी वेड्यात काढलं नसतं तरच नवल. पण कल्पनेची ताकद नेमकी तिथेच होती. पैसा कुणालाही देता येत होता. सावकारालाही आणि मोलकरणीलाही. आणि ज्याने पैसा दिला त्याला वाटणार की हे काम माझंही आहे.

लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली आणि पैसा फंडाला जोर आला. त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला.

काचच का? त्या काळचं घर डोळ्यासमोर आणा. वीज नाही. संध्याकाळ झाली की रॉकेलचा दिवा. दिव्याला काच. बायकांच्या हातात बांगड्या, त्याही काचेच्या. औषधाची बाटली, अत्तराची कुपी, सगळी काच. आणि यातला कितीतरी माल ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमहून बोटीने यायचा. म्हणजे आपल्या माजघरात दिव्याची काच तडकली की त्या घरातले पैसे थेट युरोपात जायचे. आणि ज्या वाळूपासून ती काच होते ती वाळू इथेही होतीच.

अडलं कुठे? हातात

पैसा जमला म्हणजे काच झाली असं नाही. वाळू, सोडा आणि चुना एकत्र करून भट्टीत चौदाशे-पंधराशे अंशांपर्यंत तापवायचा. तो मधासारखा दाट रस लांब लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायचा. नळी फिरवत फिरवत फुंकायची. फुंकर जास्त झाली की फुगा फुटला, कमी झाली की काच जाड. थांबलात तर एका बाजूला लोंबली. तयार झालेली वस्तू हळूहळू थंड करायची, नाहीतर आपोआप तडकते. हे पुस्तकात वाचून येत नाही. ते हाताला आणि श्वासाला शिकवावं लागतं.

तळेगावच्या आधीही हिंदुस्थानात नव्या पद्धतीचे काचकारखाने निघाले होते आणि बुडाले होते. भट्टी होती, भांडवल होतं, पण काम जाणणारी आपली माणसं नव्हती. बाहेरून आणलेला कारागीर गेला की भट्टी थंड.

तळेगावकरांनी इथे शहाणपण दाखवलं. ईश्वरदास वार्ष्णेय नावाचे उत्तरेकडचे गृहस्थ जपान आणि अमेरिकेत काचकाम शिकून आले होते. त्यांना आणलं. आणि नुसता कारखाना न काढता तिथे शिकाऊ मुलं घेतली. माल काढायचा आणि सोबत माणूसही घडवायचा. हे शिकलेले हात पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं, जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल बंद झाला आणि देशी काचेला एकदम मागणी आली. तेव्हा काम जाणणारी माणसं आपल्याकडे तयार होती, त्यात तळेगावचा वाटा मोठा होता.

माझ्या मते पैसा फंडाची खरी कमाई कारखान्याच्या हिशेबवहीत शोधू नये. ती त्या शिकलेल्या हातांमध्ये होती.

शाळा बंद पाडली

याच तळेगावात त्याच काळात आणखी एक प्रयोग चालला होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर यांनी समर्थ विद्यालय काढलं होतं. ते पुढे तळेगावला आलं. सरकारी अनुदान नको, सरकारी अभ्यासक्रम नको. शिक्षण मराठीतून आणि पुस्तकी विद्येबरोबर उद्योगाचंही. स्वदेशी, बहिष्कार, स्वराज्य आणि राष्ट्रीय शिक्षण ही जी चतुःसूत्री आपण शाळेत पाठ केली, त्यातलं राष्ट्रीय शिक्षण म्हणजे प्रत्यक्षात ही असली शाळा.

१९०८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी तळेगावला भट्टी पेटली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. त्याच वर्षी ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखावरून विजापूरकरांवरही राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना तुरुंगात टाकलं. १९१० साली सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडलं.

ज्या शाळेत पोरं स्वतःच्या भाषेत शिकतात आणि हातानं काम करतात, ती शाळा त्या बलाढ्य सरकारला बंद करावीशी वाटली. नोकरीसाठी सरकारच्या दारात न येणारा पोरगा सरकारला परवडत नव्हता, असा माझा त्यातून निघणारा अर्थ. तुमचा वेगळा असू शकतो.

विजापूरकर सुटून आले आणि पुन्हा शिक्षणाच्याच कामाला लागले. तळेगावात शिक्षणाची जी परंपरा आज दिसते, तिची मुळं तिथवर जातात.

आबांच्या काटकसरीची दुसरी बाजू

आता आबांकडे परत येतो. जुनं ते सगळं सोनं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

आपल्या मावळातली जुनी काटकसर आपण गोड करून सांगतो. राखेनं भांडी, गोवऱ्यांची चूल, जुन्या लुगड्यांची गोधडी, कणगीत राखलेलं बी, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं सगळं. पण हे करत कोण होतं? बायका. पहाटे चारला उठून, रात्री सगळे जेवल्यावर उरलंसुरलं खाऊन. घरची काटकसर म्हणजे पुष्कळदा आईच्या ताटातली काटकसर होती. ती परत आणा असं कुणी म्हणत असेल तर आधी घरातल्या बायकांना विचारावं.

आणि दुसरं, हातानं काम करणाऱ्याला आपण कमी लेखलं. सुतार, लोहार, चांभार, कुंभार. त्यांच्या कसबावर गाव चालायचं आणि मान मात्र कसब नसणाऱ्याला. म्हणूनच चार पैसे आल्यावर आपण पहिली गोष्ट ही केली की हातातलं काम खाली ठेवलं. त्यात नातवाचा दोष नाही. त्याला आपणच शिकवलं की शिकलेल्या माणसानं पान्हा धरायचा नसतो.

तळेगावचा धडा वेगळा आहे. तिथे हातकाम मजबुरीतून आलं नाही, ते ठरवून शिकवलं गेलं. आणि काटकसर म्हणजे पोटाला चिमटा नव्हता. कुणालाही न जाणवेल एवढी रक्कम, पण सगळ्यांची, आणि एका ठरलेल्या कामासाठी.

पाबळला हे आजही चालतं

हे फक्त इतिहासात घडतं असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन या. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून पीएचडी करून आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली त्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत ज्यांचं डोकं चालत नाही असं आपण म्हणतो, ती पोरं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, माती परीक्षण, शेती, खाद्यपदार्थ करणं, सगळं थोडं थोडं शिकतात. त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय राज्य मंडळाने आठवी ते दहावीला मान्यही केला.

त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक, शाळेत शिकवायला गावातलेच कारागीर घ्यायचे. दोन, पोरांनी खोटी प्रात्यक्षिकं न करता गावाचं खरं काम करायचं. कुणाचं तरी फाटक, कुणाच्या तरी शेताची माती. २००३ साली कलबाग गेले, काम चालू आहे.

मग कुसगावचं काय?

आपल्याकडे पैसा आला, हे खरं. आधी रेल्वे, मग टाटांची धरणं, मग एक्स्प्रेसवे, कॉलेजं, बंगले, आणि आता मिसिंग लिंकही कुसगावातच येऊन मिळते. प्रत्येक वेळी जमीन गेली आणि तिच्या बदल्यात रक्कम आली. रकमेचं घर झालं, गाडी झाली, लग्न झालं. आणि आज त्याच जमिनीवरच्या बंगल्यांत नळ, वायरिंग, बाग, रंगकाम करायला बाहेरून माणसं येतात आणि आपली पोरं गेटवर वॉचमन म्हणून वही भरतात. वॉचमनची नोकरी वाईट नाही. पण आत चाललेलं जास्त पैशाचं काम आपल्याला येत नाही, हे वाईट आहे.

एक साधा हिशेब मांडतो. समजा गावातल्या ५०० घरांनी दिवसाला एक रुपया बाजूला टाकला. वर्षाचे होतात १ लाख ८२ हजार ५०० रुपये. एक चहा आज दहा रुपयांना आहे. एवढ्या पैशात शाळेच्या एका वर्गात सुट्टीच्या दिवशी हातकामाचा वर्ग सहज चालेल. हत्यारं येतील. गावातल्याच प्लंबरला, वायरमनला, शिवणकाम करणाऱ्या ताईंना, गवंड्याला मास्तर म्हणून मानधन देता येईल. मुलगे आणि मुली दोघंही. पोरांनी स्वयंपाक आणि शिवण शिकावी, पोरींनी फ्यूज आणि पान्हा. आणि वहीत पै-पैचा हिशेब, महिन्याला चावडीवर लावलेला. कारण गावात वर्गणी बुडते ती बहुतेक वेळा हिशेब न दिल्यानं.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय तोंडी मांडणार आहे. कुणी लेखी अर्ज करत असेल तर सहीला मी आहे. आपलं काम येणाऱ्या आणि शिकवायची तयारी असणाऱ्या कारागिरांनी मला जरूर भेटावं.

आणि हो, त्या टाकीचं सांगायचं राहिलं. शेवटी आबाच काठी टेकत जिन्यापर्यंत गेले आणि खालून ओरडून सांगू लागले. नातू गच्चीवर चढला. आधी चावी बंद केली, बॉलकॉक खोलला, आत साचलेला क्षार घासून काढला, परत बसवला. दहा-बारा मिनिटांचं काम. खाली आला तेव्हा कपडे भिजलेले आणि चेहरा असा की जणू काही गड जिंकलाय.

प्लंबरला फोन करून "येऊ नका" सांगायचं कामही त्यानेच केलं.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर चुकलंय कुठे ते सांगा.

#मावळ #कुसगाव #पैसाफंड