धोरण आधी, संगणक नंतर

संस्थेत कोणती कामे चालतात, त्यांना कोणती माहिती लागते, ती कोणत्या संगणकप्रणालीत साठवली जाते आणि त्या प्रणाली कोणत्या यंत्रणेवर चालतात, हे सारे एकत्र मांडणाऱ्या आराखड्यास ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ म्हणतात. आयबीएममधील जॉन झॅकमन यांच्या १९८७ मधील लेखाने या विषयाला शिस्त आली. पुढे स्टीव्हन स्पेवाक यांनी नियोजनाचा क्रम घालून दिला : आधी संस्थेचे कार्य, मग माहिती, त्यानंतर प्रणाली आणि शेवटी तंत्रज्ञान. प्रत्यक्षात बहुधा उलटेच घडते. यंत्रे आधी येतात, प्रयोजन मागाहून शोधले जाते.

अमेरिकेच्या एफबीआयचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कागदी तपासफायलींच्या जागी ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही प्रणाली आणण्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि घडलेल्या गुन्ह्याचा छडा लावण्यापेक्षा हल्ला घडण्यापूर्वीच रोखणे हे संस्थेचे पहिले कर्तव्य ठरले. हा बदल वरवरचा नव्हता. गुन्ह्याच्या तपासात माहिती एका प्रकरणाच्या फायलीत राहिली तरी काम भागते. हल्ला रोखायचा तर निरनिराळ्या कार्यालयांतील तुटक नोंदी परस्परांशी जुळवाव्या लागतात. म्हणजे माहितीची मांडणीच मुळापासून बदलायला हवी होती. परंतु संस्थेकडे पूर्ण आराखडाच नव्हता. नव्या अपेक्षा येत राहिल्या. कोणती स्वीकारावी, कोणती नाकारावी, हे ठरवण्यास आधार उरला नाही. सरकारी लेखापरीक्षकांनी ही उणीव नोंदवली होती. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चाचा हा प्रकल्प २००५ मध्ये सोडून द्यावा लागला.

यावरचा उपाय फारसा गूढ नाही. एका बाजूस धोरणातील उद्दिष्टे, दुसऱ्या बाजूस कामे व प्रणाली, असा तक्ता करावा. ज्या प्रणालीसमोर एकही उद्दिष्ट नाही, तिच्यावरील खर्च तपासावा. ज्या उद्दिष्टासमोर प्रणालीच नाही, तेथे निधी वळवावा. धोरण बदलले की तक्ताही नव्याने भरावा. हे शेवटचे काम सहसा कोणी करत नाही.

अर्थात केवळ आराखड्याने काम तडीस जात नाही. २००६ मध्ये हाती घेतलेली ‘सेंटिनेल’ ही पर्यायी प्रणालीही रखडली. २०१० मध्ये एफबीआयने तिची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि २०१२ मध्ये ती पूर्णपणे वापरात आली. भारतात केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये सरकारी खात्यांसाठी ‘इंडईए’ ही चौकट प्रसिद्ध केली असून राज्य सरकारांनाही ती वापरता येते.