साथीदाराचे स्थान : झाडीपट्टीच्या रंगभूमीच्या अनुषंगाने

मराठी रंगभूमीचा इतिहास मुख्यतः नाटककार, नट आणि गायक यांच्या नावांनी सांगितला जातो. ज्याच्या सुरावर गायक उभा राहतो, त्या साथीदाराचा उल्लेख त्यात ओझरताच येतो. ही उपेक्षा अयोग्य आहे, याची साक्ष भाषाही देते.

‘साथ’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’, प्राकृत ‘सत्थ’ या क्रमाने मराठीत आला. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्यात सर्वांची वाट एक आणि जोखीमही एक. मूळ अर्थात कनिष्ठतेचा लवलेश नाही. पुढे मात्र मागून सूर धरणाऱ्याचे काम गौण ठरले आणि ‘री ओढणे’ म्हणजे विचार न करता दुजोरा देणे, असा अर्थ रूढ झाला.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे सारंगीची जागा हळूहळू पेटीने व पायपेटीने घेतली. तेव्हापासून गायक आपल्या आवाजाचे माप ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशा शब्दांत सांगू लागला. ही परिभाषा गळ्याची नव्हे, पेटीच्या पट्ट्यांची आहे. गायकाने स्वतःची ओळख साथीदाराच्या भाषेत सांगावी, ही गोष्ट अर्थपूर्ण होय.

गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तथापि भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली यांसह तो झाडीपट्टी या एकाच सांस्कृतिक प्रदेशात मोडतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने येथे गावोगाव दंडार व नाटके रात्रभर चालतात. पदे नट स्वतः गातो आणि साथही समक्षच होते. अशा वेळी पेटीवादकाने पदापूर्वी सूर द्यावयाचा, गायकाचा श्वास तुटेल तेथे स्वर धरून ठेवावयाचा, कडवे गळाले तर क्षणात पुढचे गाठावयाचे आणि तबल्यासह समेवर भेटावयाचे असते. हे काम चोख झाले की ते प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही. उपेक्षेचे मूळ येथेच आहे.

पेटीची अवहेलना इतरत्रही झाली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला प्रक्षेपणातून वगळले व ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी भास्करबुवा बखले यांना पेटीची साथ केली; परंतु रसिकांच्या स्मरणात ते प्रामुख्याने १९११ च्या ‘मानापमान’चे संगीतकार म्हणून राहिले. युरोपातही स्थिती निराळी नव्हती. गायकांना पियानोची साथ करणारा विख्यात इंग्रज वादक जेरल्ड मूर याने १९६२ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ‘माझा आवाज फार मोठा होतो काय?’ अशा आशयाचे त्याचे शीर्षक साथीदाराची सारी अवस्था सांगून जाते.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री लाभली, हे यथोचितच झाले. नाटकाची संहिता छापली जाते, नटाची कीर्ती मागे उरते. पेटीवादकाचे ज्ञान मात्र बोटांत असते व त्याच्यासवे लोपते. कोणत्या पदाला कोणती चाल, कोठे स्वर धरावा, कोठे सोडावा, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. म्हणून या प्रदेशातील वादकांची नावे, चाली आणि त्यांची खास परिभाषा त्यांच्या हयातीतच नोंदविणे अगत्याचे आहे. त्याविना झाडीपट्टीच्या रंगभूमीचा इतिहास अपुराच राहील.