बोली बोलणारे आणि बोली टिपणारे

बेळगावात वाढलेल्या आमच्या पिढीतील मुलींना शाळेत एक दुरुस्ती हमखास ऐकावी लागे. घरी आई, आजी, आत्या साऱ्याजणी "मी जातो", "मी येतो" असेच म्हणत, शाळेत मात्र "मुलगी ना तू? जाते म्हण" असे बजावले जाई. आजीची मराठी अशुद्ध, ही समजूत त्या दुरुस्तीबरोबरच मनात रुजली आणि फार उशिरा गेली. ती घालवण्याचे श्रेय बोलींच्या अभ्यासकांना दिले पाहिजे.

हे अभ्यासक प्रथमपासून बोलणाऱ्यांच्या दारी आले असे मात्र नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड 1905 साली निघाला. त्यातील नमुने बहुतांशी जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी अधिकाऱ्यांमार्फत आले. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा ठरवून दिलेली, तिचीच जागोजागी रूपांतरे. काम प्रचंड खरे, पण त्यात माणूस स्वतःचे काही सांगत नाही. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची पुस्तके सिद्ध केली. 1963 साली दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोकणीपासून ही माला सुरू झाली. तीत कुडाळी आली, ठाण्याची वारली आली, आणि केरळातील कासरगोडची मराठीही आली. मराठीचा शोध राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही, हे या मालेने गृहीतच धरले होते.

आम्हा सीमाभागातील वाचकांना अधिक जवळचे उदाहरण कुपवाडचे. सांगली-मिरजेलगतचे हे गाव 1998 पासून महानगरपालिकेत आहे. 1960 च्या दशकात ते जेमतेम 3,000 वस्तीचे खेडे होते. अमेरिकेतील जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी तेथील बोलण्याचा अभ्यास केला. जैन व लिंगायत घरांत कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, आणि मराठी ही मुख्यतः दलित व भूमिहीन मजुरांच्या घरची. तरीही गावातील चारचौघांतला व्यवहार मराठीत चाले, कारण ती कोणत्याच बड्या गटाची घरची भाषा नव्हती. (मराठीच्या वर्चस्वाविषयी बोलताना आपण ही बाजू क्वचितच ध्यानात घेतो.) शतकानुशतकांच्या शेजारामुळे या तीन भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतील वाक्याचे शब्द त्याच क्रमाने बदलत गेले की दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार होई. भाषा मात्र तीन त्या तीनच राहिल्या. घरात आपली ती आपली. हा निबंध 1971 साली केंब्रिजच्या एका ग्रंथात आला आणि भाषासंपर्काच्या अभ्यासात कुपवाडचे नाव जगभर झाले.

निबंध इंग्रजीत, ज्यांच्या तोंडून तो मिळाला त्यांच्यापर्यंत तो कसा पोहोचावा? सुमारे चाळीस वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील प्रा. सोनल कुलकर्णी-जोशी पुन्हा त्याच गावाकडे वळल्या आणि जुन्या निष्कर्षांची त्यांनी चिकित्सा केली. अभ्यासकाने परत येणे हे मला पहिल्या भेटीहून मोलाचे वाटते. 1990 पासून अभिमत विद्यापीठ असलेल्या याच संस्थेने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. संशोधक गावोगाव फिरले, नात्यांची आणि घरगुती वस्तूंची नावे विचारली, लोकांना आपल्या शब्दांत बोलू दिले आणि ते ध्वनिमुद्रित केले. ही सामग्री संकेतस्थळावर ठेवलेली असल्याने बोलणाऱ्याचा नातूही ती ऐकू शकतो. ग्रियर्सनपासून इथपर्यंतचे अंतर मोठे आहे.

एक रुखरुख उरते. या सर्वेक्षणाचे क्षेत्र मुख्यतः महाराष्ट्रातील जिल्ह्यांचे. इंदूरच्या घरांतले "काय करून राहिलास", बडोद्याच्या मराठीत मुरलेले गुजराती शब्द, आमच्याकडच्या बायकांचे "मी जातो", हे कोण टिपणार? विद्यापीठांनी विद्यार्थी पाठवावेत हे खरेच. पण ऐंशी ओलांडलेल्या आज्या, मावश्या आपल्याच घरांत आहेत आणि ध्वनिमुद्रण करणारा फोन आता नातवंडांच्या खिशात असतो. मुद्रणाबरोबर बोलणाऱ्याचे गाव, वय आणि घराणे केव्हा, कोठून आले एवढे लिहून ठेवले, तरी पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम होईल. आमच्या आजीचे बोलणे मात्र कोणी मुद्रित केले नाही. ती 1987 साली गेली.