तळटीप : 'नेहमीचंच द्या'

* 'नेहमीचंच द्या' : फिश अँड चिप्सच्या दुकानात नायिका एवढंच म्हणते आणि इंग्रज वाचकाला ते पुरतं. मराठी वाचकासाठी खुलासा. चिप्स म्हणजे आपले वेफर्स नव्हेत. बोटभर जाडीचे, आतून मऊ राहिलेले तळलेले बटाटे.

मासा कोणता, ते गावावर ठरतं. लंडनकडे कॉड, यॉर्कशायर आणि स्कॉटलंडमध्ये हॅडक. यॉर्कशायरची अनेक दुकानं आजही गोमांसाच्या चरबीत तळतात. शाकाहाऱ्याने नुसते चिप्स मागवण्याआधीही विचारून घेतलेलं बरं!

खरे वाद सोबत काय घ्यायचं यावर. उत्तरेत 'मशी पीज' हवेतच : मॅरोफॅट जातीचे वाळलेले वाटाणे सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून, लगदा होईतो शिजवलेले. ग्लासगोत वरून मीठ-व्हिनेगर. तासाभराच्या अंतरावरच्या एडिनबरोत मात्र मीठ आणि पातळ, आंबट तपकिरी सॉस. यॉर्कशायरचं गिऱ्हाईक 'स्क्रॅप्स' मागतं, म्हणजे तळताना माशापासून सुटलेल्या पिठाचा कुरकुरीत चुरा. वडापावबरोबरचा चुरा आठवावा. तोही बहुधा असाच फुकट मिळतो.

करी सॉस ही पुढच्या काळातली भर. दाट, पिवळसर, गोडूस. त्यात आपली आमटी शोधू नये.

या प्रकरणातली रांग युद्धकाळातली आहे. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर रेशनवर गेली, मार्चमध्ये मांसही. फिश अँड चिप्स मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनकार्डाशिवाय मिळत होते. – संपादक