टाइनकाठचा सायकलमार्ग : न्यूकॅसल ते वायलम

ईशान्य इंग्लंडमधील न्यूकॅसल अपॉन टाइन या शहराच्या धक्क्यापासून टाइन नदीच्या उत्तर काठाने पश्चिमेकडे टाइन रिव्हरसाइड कंट्री पार्क या उद्यानात जाणारा रस्ता. त्यावर मोटारींची वर्दळ बहुतेक ठिकाणी नसते. उद्यानाचा न्यूबर्न येथील भाग धक्क्यापासून सुमारे १० किमी., तर रपेटीचा नेहमीचा शेवट असलेले वायलम गाव सुमारे १६ किमी. अंतरावर आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकल जाळ्यातील ७२ क्रमांकाच्या मार्गाचा, म्हणजे ‘हेड्रियन्स सायकलवे’चा, हा एक तुकडा आहे. आयरिश समुद्राकाठच्या रेव्हनग्लासपासून उत्तर समुद्राकाठच्या साउथ शील्ड्सपर्यंत जाणारा तो सुमारे २८० किमी. लांबीचा मार्ग २००६ मध्ये खुला झाला. रोमन सम्राट हेड्रियन याने बांधलेल्या तटबंदीच्या परिसरातून जात असल्याने त्याला हे नाव मिळाले. न्यूकॅसल ते वायलम हा तुकडा मात्र रोमनांपेक्षा कोळशाचा वारसा अधिक सांगतो.

पार्श्वभूमी : टाइनच्या दोन्ही काठांवर कोळशाचे थर जमिनीलगत होते. खाणीतून काढलेला कोळसा नदीपर्यंत आणणे हा या धंद्यातला सर्वांत खर्चिक भाग. पावसाळी हवेत चिखलाच्या वाटेवर घोड्याला फार भार ओढवत नसे. म्हणून सतराव्या शतकापासून येथे लाकडी रूळ टाकून त्यांवरून घोड्यांनी वाघिणी ओढण्याची पद्धत रूढ झाली. अशा वाटेला ‘वॅगनवे’ म्हणत. वायलमच्या खाणीपासून लेमिंग्टनच्या धक्क्यापर्यंतची सुमारे ८ किमी.ची अशी वाट १७४८ च्या सुमारास तयार झाली. लेमिंग्टनला कोळसा ‘कील’ नावाच्या सपाट बुडाच्या पडावांत भरला जाई. न्यूकॅसलच्या जुन्या पुलाच्या कमानी ठेंगण्या असल्यामुळे समुद्रगामी जहाजे त्याच्या वर येऊ शकत नसत. कीलवाले खलाशी पुलाखालून पडाव नेऊन नदीमुखाकडे उभ्या असलेल्या जहाजांत कोळसा चढवत.

पुढे वाफेच्या रेल्वेने हेच काम हाती घेतले. स्कॉट्सवुड ते वायलम हा लोहमार्ग १८७५-७६ मध्ये सुरू झाला आणि जुन्या वॅगनवेची बरीचशी वाट त्याखाली गेली. खाणी बंद पडत गेल्यावर लोहमार्गही निरुपयोगी ठरला आणि मार्च १९६८ मध्ये नॉर्थ वायलम स्थानक बंद झाले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ‘कंट्रीसाइड अ‍ॅक्ट’ संमत केला. शहराजवळच्या मोकळ्या जमिनीवर कंट्री पार्क उभारण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना या कायद्याने दिला. घोडेस्वारांना खुल्या असलेल्या सार्वजनिक वाटांवर सायकल चालवण्याचा हक्कही त्यातच आहे. मात्र सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यावी अशी अट आहे. बंद झालेली रेल्वेवाट, उद्यान उभारण्याची तरतूद आणि सायकलला मिळालेली मुभा या तिन्ही गोष्टी अशा एकाच वर्षाशी जोडलेल्या आहेत. १९७७ मध्ये ब्रिस्टल येथे सुरू झालेल्या आणि पुढे ‘सस्ट्रान्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने बंद लोहमार्गांचे सायकलमार्ग करण्याची चळवळ देशभर नेली. राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून १९९५ मध्ये मिळालेल्या मोठ्या अनुदानावर तिने राष्ट्रीय सायकल जाळे उभे केले.

शहरातील टप्पा : धक्क्यावर सुरुवातीच्या दीड किलोमीटरच्या आतच नदीवर सात पूल आहेत. सर्वांत पूर्वेकडचा गेट्सहेड मिलेनियम पूल (२००१) केवळ पादचारी व सायकलस्वारांसाठी आहे. बोट आली की त्याची वाट आणि तिला तोलणारी कमान एकाच आसावर तिरपी फिरतात, आणि खालून जाण्यापुरती उंची मोकळी होते. त्याच्या पश्चिमेला १६२ मी. गाळ्याचा पोलादी टाइन पूल (१९२८) आहे. त्याच्या बुरुजांवर व आसपासच्या इमारतींच्या कंगोऱ्यांवर किटीवेक हे समुद्रपक्षी घरटी करतात. समुद्रापासून सुमारे १३ किमी. आत असलेली ही वसाहत या जातीची जगातील सर्वांत आतली वसाहत मानली जाते. वसंतापासून ऑगस्टपर्यंत धक्क्यावर त्यांचा कलकलाट असतो.

पुढचा ठेंगणा स्विंग पूल (१८७६) ज्या जागी आहे तेथेच रोमनांचा ‘पोन्स एलियस’ हा पूल होता असे मानतात. त्यानंतरचा मध्ययुगीन पूल १७७१ च्या महापुरात कोसळला. १७८१ मध्ये बांधलेल्या पुलाने मोठ्या जहाजांची वाट अडवून धरल्यामुळे तो काढून विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या जलदाब यंत्रणेवर फिरणारा हा पूल उभारण्यात आला. आर्मस्ट्राँग यांचा तोफा व जहाजांचा एल्स्विक कारखाना (स्थापना १८४७) पुलाच्या वरच्या अंगाला होता. त्यामुळे पूल फिरू लागताच कारखान्याचा समुद्राशी थेट संबंध जुळला. स्विंग पुलाशेजारचा दुमजली हाय लेव्हल पूल (१८४९) रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या आराखड्यानुसार बांधलेला आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून रेल्वे आणि खालच्या मजल्यावरून रस्ता जातो.

सात पूल मागे पडल्यावर समोरच्या काठावर डन्स्टन स्टेथ्स हा लाकडी धक्का दिसतो. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १८९३ मध्ये तो जहाजांत कोळसा ओतण्यासाठी बांधला. युरोपातील सर्वांत मोठ्या लाकडी बांधकामांत त्याची गणना होते. सायकलमार्गाच्या बाजूला जेथे एल्स्विकचा कारखाना होता तेथे आता कार्यालयांच्या इमारती आहेत आणि त्यांच्यासमोर नदीकाठाची रुंद वाट आहे.

स्कॉट्सवुड ते न्यूबर्न : स्कॉट्सवुडजवळ मार्ग नदीपासून दूर जातो. साऱ्या रपेटीतला सर्वांत रुक्ष भाग हाच; रहदारीचा मोठा रस्ता, गोदामे आणि घरांच्या रांगा यांमधून वाट जाते. मात्र टाइनसाइडच्या लोकांच्या मनात या रस्त्याला वेगळे स्थान आहे. जॉर्ज रिडली यांनी १८६२ मध्ये रचलेल्या ‘ब्लेडन रेसेस’ या गाण्यात शहरातून याच रस्त्याने ब्लेडनच्या घोड्यांच्या शर्यतीला निघालेल्या लोकांच्या फजितीचे वर्णन आहे. आज ते या प्रदेशाचे जणू गीतच झाले आहे. याच परिसरातील मॉन्टॅग्यू खाणीत ३० मार्च १९२५ रोजी शेजारच्या जुन्या, बंद खाणीत साठलेले पाणी घुसून ३८ कामगार मृत्युमुखी पडले.

लेमिंग्टनला पोहोचल्यावर विटांचा प्रचंड शंकू नजरेस पडतो. तो १७८७ मधील काचकारखान्याचा आहे. आत भट्टी आणि भोवती कारागिरांना काम करण्यास जागा, असा हा शंकू म्हणजे धुराडे व कारखाना दोन्ही असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीचे पात्र सरळ केले गेले आणि पूर्वीचे वळण ‘लेमिंग्टन गट’ या नावाची गाळाची खाडी बनून राहिले. ज्या धक्क्यावर वायलमचा कोळसा उतरे तो नदीने असा बाजूला टाकला.

उद्यान : न्यूबर्न हे टाइनवरचे सर्वांत खालचे उतार असलेले ठिकाण होते; ओहोटीच्या वेळी येथे नदी पायी ओलांडता येई. २८ ऑगस्ट १६४० रोजी अलेक्झांडर लेस्ली यांच्या नेतृत्वाखालील स्कॉटिश सैन्याने चर्चच्या मनोऱ्यावर तोफा चढवून पलीकडच्या इंग्रज सैन्यावर मारा केला, उतारावरून नदी पार केली आणि थोड्याच दिवसांत न्यूकॅसल ताब्यात घेतले. या पराभवाने राजा पहिला चार्ल्स याला संसद बोलावणे भाग पडले. ब्रिटनमधील यादवी युद्धाकडे नेणाऱ्या घटनांत या लढाईचा समावेश होतो.

टाइन रिव्हरसाइड कंट्री पार्क हे एकसंध कुंपणातले उद्यान नाही. न्यूबर्नपासून प्रडो गावाखालच्या नदीकाठापर्यंत त्याचे पट्टे पसरलेले आहेत. न्यूबर्न येथील भाग पूर्वीच्या खाणीच्या व पोलाद कारखान्याच्या जागेवर आहे. तेथील पडीक जमीन सपाट करून त्यावर गवताळ कुरणे व झाडी वाढवण्यात आली. प्रवेशासाठी शुल्क नाही. गाड्या उभ्या करण्याची जागा, बाके आणि होड्या उतरवण्याचा उतरता धक्का एवढ्याच सोयी येथे आहेत. शोभेचे ताटवे आणि कारंजी असलेल्या नगरोद्यानाहून कंट्री पार्क वेगळे असते ते याच बाबतीत : माणसाने बसावे, चालावे आणि बाकीचे निसर्गावर सोपवावे.

समुद्राची भरती वायलमच्या आसपासपर्यंत पोहोचते, त्यामुळे न्यूबर्नला दिवसातून दोनदा चिखलाचे काठ उघडे पडतात आणि पाणपक्षी तेथे चरायला उतरतात. वरच्या अंगाला, वायलमच्या जवळ, नदीने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यांवर एक दुर्मीळ वनस्पतिसमूह आढळतो. पेनाइन डोंगरांतील शिशाच्या खाणींमधून वाहून आलेल्या शिसे व जस्तामुळे तेथील माती विषारी झाली आहे. नेहमीचे गवत अशा मातीत जोम धरत नाही. त्यामुळे अल्पाइन पेनीक्रेस, वसंती सँडवर्ट यांसारख्या धातू सहन करणाऱ्या ठेंगण्या वनस्पतींना तेथे जागा मिळते. नदीचे पाणीही एकेकाळी असेच बिघडले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास खालच्या पात्रातून सामन मासा जवळजवळ नाहीसा झाला होता. कारखान्यांचे व शहराचे सांडपाणी अडवल्यानंतर तो परतला आणि आता टाइन ही सामनसाठी इंग्लंडमधील अग्रगण्य नदी गणली जाते.

न्यूबर्न ते वायलम : हा सुमारे ५ किमी.चा टप्पा सर्वांत शांत आहे. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस झाडी व शेते. वॅगनवेच्या कडेला दगडी भिंतींचे आणि कौलारू छपराचे एक साधे घर आहे. चार कुटुंबांत वाटलेल्या या घराच्या एका खोलीत ९ जून १७८१ रोजी जॉर्ज स्टीफन्सन यांचा जन्म झाला. दारासमोरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढत जात आणि त्याच दृश्यात त्यांचे बालपण गेले. तरुणपणी ते न्यूबर्नच्या खाणीत इंजिन सांभाळत होते. १८२५ मध्ये स्टॉक्टन-डार्लिंग्टन आणि १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर हे लोहमार्ग त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. हे घर आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. हाय लेव्हल पुलाचे रॉबर्ट हे त्यांचेच पुत्र. मार्गाच्या एका टोकाला मुलाचा पूल आणि दुसऱ्या टोकाला वडिलांचे जन्मघर आहे. मुंबई-ठाणे लोहमार्ग (१६ एप्रिल १८५३) बांधणारे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली हे रॉबर्ट यांच्याच हाताखाली तयार झालेले होते.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात चारा महागला आणि घोडे परवडेनासे झाले. म्हणून वायलम खाणीचे मालक क्रिस्टोफर ब्लॅकेट यांनी वाफेच्या इंजिनाचा प्रयोग करवला. व्यवस्थापक विल्यम हेडली यांनी १८१३-१४ मध्ये याच वाटेसाठी ‘पफिंग बिली’ हे इंजिन तयार करवून घेतले. गुळगुळीत चाके गुळगुळीत रुळांवर केवळ घर्षणाच्या बळावर भार ओढू शकतात, हे त्याने सिद्ध केले. ते १८६२ पर्यंत कामात होते. जगातील सर्वांत जुने शिल्लक वाफेचे रेल्वे इंजिन म्हणून ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवले आहे. त्याचे जोडीदार ‘वायलम डिली’ एडिंबरोच्या संग्रहालयात आहे.

वायलमच्या पुढे हॅग बँक येथे जुन्या लोहमार्गाचा १८७६ चा लोखंडी पूल आहे. नदीखाली खाणीची जुनी पोखरण असल्याने पात्रात खांब उभारण्याचे टाळून एकाच मोठ्या कमानीला वाट खालून टांगलेली आहे. कमानीला वाट टांगण्याची हीच रीत पन्नास वर्षांनी न्यूकॅसलच्या टाइन पुलात मोठ्या प्रमाणावर दिसते. हॅग बँकच्या पुलावरून आता फक्त पादचारी आणि सायकलस्वार जातात.

रपेटीचे स्वरूप : रमतगमत जाणाऱ्याला धक्का ते वायलम हे अंतर दीड ते दोन तासांत कापता येते, पूल, घर व उद्यान पाहायचे तर अर्धा दिवस लागतो. भार ओढणाऱ्या घोड्याला झेपेल एवढाच उतार वॅगनवेला ठेवलेला असे, आणि भरलेल्या वाघिणी नदीच्या खालच्या अंगाला जात. साहजिकच वायलमकडे जाताना अगदी हलका चढ लागतो आणि येताना तेवढाच उतार मिळतो. या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणजे जाताना तो तोंडावर आणि परतताना पाठीवर असतो. मुलांसह निघालेल्यांना किंवा सवय नसलेल्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो तो यामुळे. स्कॉट्सवुडचा भाग टाळायचा असेल तर थेट न्यूबर्नहून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. निळ्या पाट्यांवर लाल चौकटीतला ७२ हा आकडा वाट दाखवतो. वाट पादचाऱ्यांशी सामाईक असल्याने डावीकडून चालवणे, मागून येताना घंटी वाजवणे आणि अरुंद जागी वेग कमी करणे अपेक्षित असते. हिवाळ्यात दिवस लहान असतो, दिवा लागतो आणि गळलेल्या पानांवर चाक घसरते. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ उत्तम.

परतीचे दोन पर्याय आहेत. वायलमला नदी ओलांडून दक्षिण काठाने क्लारा व्हेल, ब्लेडन व डन्स्टन या गावांवरून येणारा ‘कीलमन्स वे’ हा मार्ग धरल्यास गेट्सहेडच्या बाजूने पुलांपाशी पोहोचता येते. कीलवाल्या खलाशांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाटेने रपेटीचे वर्तुळ पूर्ण होते. थकलेल्यांसाठी वायलम स्थानकातून न्यूकॅसलला रेल्वे आहे. हे स्थानक न्यूकॅसल-कार्लाइल लोहमार्गावर १८३५ मध्ये सुरू झाले असून आजही वापरात असलेल्या जगातील सर्वांत जुन्या स्थानकांपैकी ते एक आहे. गाडीत सायकलींसाठी जागा मोजकीच असते.